भिंतींचें दफ्तर : मावळांतील घरांच्या अंतर्भागाचें रंगकाम

जुन्या वाड्यांतून कागदपत्रें शोधीत हिंडणाऱ्या मंडळींचा एक ठराविक परिपाठ असतो. ओटीवर बसावें, घरांतील वडील माणसांशीं त्यांच्या कुलवृत्तांताविषयीं चार शब्द बोलावे, मग माळ्यावरचे रुमाल खालीं उतरवून घ्यावे, धूळ झटकावी, आणि सनदा, महजर, वतनपत्रें, जमाखर्चाच्या वह्या अशी निवड करीत बसावें. आम्हींही अनेक वर्षें हेंच केलें. या सर्व वेळीं आमची पाठ ज्या भिंतीला टेंकलेली असे, तिच्याकडे वळून पाहण्याचें आम्हांस क्वचितच सुचलें. कागदाला हस्ताक्षर असतें, मिति असते, शिक्का असतो. भिंतीला यांतलें कांहीं नाहीं, अशी आमची समजूत होती. ती समजूत चुकीची होती. घराची आंतील भिंत हेंही एक दफ्तर आहे, त्याचे वाचनाचे नियम आहेत, आणि तें दफ्तर आपण आपल्याच हातांनीं नष्ट करीत आहों, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा विचार आहे.

निमित्त आमच्याच घराचें झालें. आमचें मूळ घर मावळ तालुक्यांतील आंबी येथें. तळेगांव दाभाडे येथून इंद्रायणी ओलांडली म्हणजे हा गांव लागतो. शाहू महाराजांनीं १७१७ सालीं ज्यांस सेनापतिपद दिलें त्या खंडेराव दाभाडे यांच्या तळेगांवचा व इंदुरीच्या गढीचा हा शेजार. इंदुरीच्या गढीचा दरवाजा व बुरूज आजही पाहावयास मिळतात. परंतु सामान्य कुणब्या-ब्राह्मणांचीं दगडी जोत्याचीं व मातीच्या भिंतींचीं घरें मात्र, आंबीच्या परिसरांत औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून, झपाट्यानें उतरविलीं जात आहेत. आमच्या घराची पाळी गेल्या उन्हाळ्यांत आली. माजघर व देवघर यांच्यामधील भिंत पाडतांना तिचा तळहाताएवढा एक पापुद्रा आमच्या पायाशीं येऊन पडला. त्याची कड बांधलेल्या पोथीच्या कडेसारखी दिसत होती. भिंगाखालीं धरून पाहिली, तेव्हां तींत एकावर एक चौदा थर मोजतां आले.

सर्वांत खालीं शेण व भाताचा कोंडा घातलेली माती. तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ हात. त्यावर चुन्याचे थर. त्यांपैकीं एका थरावर गेरूची अर्धी रेघ, म्हणजे खोलीभोंवतीं फिरविलेल्या पट्ट्याचा अवशेष. पुढें किंचित् निळसर चुन्याचे तीन थर. त्यांवर हिरव्या तैलरंगाचा एक जाड पडदा. आणि सर्वांच्या वर गुलाबी डिस्टेंपर. कोणाच्याही घरीं आढळेल असाच हा प्रकार आहे, आणि म्हणूनच आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. राजवाड्यांचीं चित्रें पाहावयास लोक जातात. पण चार पिढ्यांच्या राहणीचा, ऐपतीचा आणि आवडीनिवडीचा पुरावा अशा एखाद्या पापुद्र्यांत असतो, आणि तो पाडकामाच्या राबिटाबरोबर गाडींतून निघून जातो.

हा पुरावा वाचावा कसा, हा पहिला प्रश्न. खालचा थर जुना व वरचा नवा, एवढें उघडच आहे. परंतु एक थर म्हणजे एक वर्ष असें मात्र समजूं नये. मावळांत पावसाळा जबर. चार महिने भिंती ओल ओढून घेतात. म्हणून पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या आधीं घर सारवून व चुना देऊन घेण्याची रीत पडली. पण ज्या वर्षीं घरांत सुतक असेल किंवा पीक बुडालें असेल, त्या वर्षीं चुना लागत नसे. उलट लग्न-मुंज असेल तेव्हां एकाच वर्षीं दोनदांही लागे. शिवाय नवा हात देण्यापूर्वीं सुटलेला जुना चुना खरवडून काढीत, त्यामुळें मधले थर गळालेले असतात. पोथींतील पानें गहाळ असावीं तसा हा प्रकार. तेव्हां थरांच्या संख्येवरून कालगणना करणें धोक्याचें. त्यांच्या द्रव्यावरून ती करावी हें बरें.

द्रव्यावरून कालनिर्णय कसा होतो, याचें एक उदाहरण देतों. वर निळसर चुन्याचे तीन थर सांगितले. चुन्यांत थोडी नीळ टाकली म्हणजे पिवळसरपणा मरून भिंत अधिक पांढरी दिसते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पण 'नीळ' या एकाच शब्दांत दोन अगदीं भिन्न द्रव्यें लपलीं आहेत. संस्कृतांतील 'नीली' ही वनस्पति. तिचीं पानें कुजवून काढलेला रंग ती मूळची नीळ. आज कपड्यांसाठीं पुडींतून मिळणारी दाणेदार निळी भुकटी मात्र बहुधा खनिज जातीची, भट्टींत तयार केलेली असते. युरोपांत ती कृत्रिम रीतीनें करण्याची युक्ति १८२८ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीं याच जातीचा रंग लाजवर्द या मोलाच्या दगडापासून काढीत, आणि तो मावळांतील माजघराच्या भिंतीला कोणी लावला असण्याचा संभव नाहीं. अर्थात् भिंतीच्या थरांत ही खनिज नीळ आढळली, तर तो थर १८२८ च्या पूर्वींचा असूं शकत नाहीं. पारखण्याची रीतही सोपी आहे. गळून पडलेल्या कणावर तीव्र आम्लाचा थेंब टाकला असतां खनिज निळीचा रंग उडतो व कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वनस्पतीच्या निळीचें तसें होत नाहीं. हा प्रयोग पडलेल्या कणावरच करावा, उभ्या भिंतीवर कदापि करूं नये, हें सांगावयास नकोच.

अशाच आणखी कांहीं खुणा आहेत. बर्लिन येथें निघालेला गडद निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभींचा. तांबें व सोमल यांपासून केलेला झगझगीत हिरवा रंग १८१४ नंतरचा. टिटॅनियम धातूपासून होणारा पांढरा रंग पहिल्या महायुद्धाच्या पुढचा. म्हणून एखाद्या वाड्यांतील चित्र 'शिवकालीन' म्हणून कोणी दाखवूं लागला आणि त्यांतील राघूच्या पंखांत तो सोमली हिरवा सांपडला, तर निदान तो पंख तरी एकोणिसाव्या शतकांत रंगविलेला आहे, असें निःशंक म्हणावें. उलट गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ हीं द्रव्यें सर्व काळीं सारखींच वापरांत असल्यामुळें त्यांवरून कालाचा कांहींच बोध होत नाहीं. ज्याप्रमाणें केवळ कागद जुना म्हणून मजकूर जुना ठरत नाहीं, त्याप्रमाणेंच केवळ गेरू दिसला म्हणून चित्र जुनें ठरत नाहीं.

आतां आमच्या शास्त्रकारांचें या विषयीं काय म्हणणें आहे तें पाहूं. भित्ति हा शब्द 'भिद्' धातूपासून आला आहे. जी जागेचे विभाग करते ती भित्ति. 'सुधा' शब्दाचा तर मोठाच मौजेचा प्रकार आहे. सुधा म्हणजे अमृत आणि सुधा म्हणजे चुन्याचा लेपही. अमरकोशांत हे दोन्ही अर्थ दिले आहेत. या दुसऱ्या अर्थावरूनच 'सौध' शब्द झाला. सौध म्हणजे चुन्यानें लिंपलेलें, शुभ्र केलेलें मोठें घर. म्हणजे घराचें मोठेपण त्याच्या उंचीवरून किंवा विस्तारावरून न धरतां भिंतीवरील लेपावरून धरणारा हा शब्द आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत चित्रसूत्र नांवाचें प्रकरण आहे. स्टेला क्राम्रिश या विदुषीनें त्याचें भाषांतर कलकत्त्यास प्रसिद्ध केल्यापासून तें विद्वानांच्या परिचयाचें झालें. त्यांत विटांचा चुरा, माती, गुग्गुळ, मेण इत्यादि द्रव्यें घालून भिंतीचा लेप कसा सिद्ध करावा, याचा विधि आहे; पण आमच्या विषयाला अधिक लागू पडणारा भाग पुढचा आहे. कोणत्या रसाचीं चित्रें कोठें असावीं, याचा तेथें विवेक केला आहे. राहत्या घरांत शृंगार, हास्य व शांत या रसांचींच चित्रें असावीं. युद्ध, स्मशान, मृत्यु, दैन्य यांचीं चित्रें घरांत नकोत, तीं राजसभेंत व देवालयांत चालतील. गृहस्थानें स्वतःच्या घरीं स्वतःच्या हातानें चित्रकर्म करूं नये, असाही एक निषेध आहे. या शेवटल्या नियमाचें कारण ग्रंथकारानें सांगितलेलें नाहीं. चितारी जातीच्या पोटावर पाय येऊं नये हा हेतु असेल असें कोणी म्हणतील. आपल्या भिंतीवर आपणच हात चालविला म्हणजे काय अनर्थ होतो, याचा आमचा अनुभव पुढें सांगणार आहों, त्यावरून दुसरेंही कारण सुचण्यासारखें आहे.

दुसरा ग्रंथ आपल्या अधिक जवळचा. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेला 'मानसोल्लास'. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत तो छापला गेला आहे. या राजानें भिंत तयार करण्याची रीत कारागिराच्या बारकाईनें दिली आहे. प्रथम चुन्यानें भिंत सपाट व गुळगुळीत करावी. म्हशीचें कातडें पाण्यांत लोण्यासारखें मऊ होईपर्यंत शिजवून त्याचा वज्रलेप करावा. तो पांढऱ्या मातींत मिसळून तिचे हात भिंतीवर चढवावे, आणि मग वासराच्या कानांतील केसांच्या कुंचल्यानें रंग भरावे. हा वज्रलेप म्हणजेच आपला सरस. याच ग्रंथांत धूलिचित्राचाही उल्लेख आहे. तीच आपली रांगोळी. भिंतीवरील चित्र व भुईवरील रांगोळी यांस एका वर्गांत बसवणारा हा ग्रंथकार घराच्या अंतर्भागाकडे एक अखंड चित्रभूमि म्हणून पाहत होता, असें त्यावरून दिसतें.

शास्त्र आणि व्यवहार यांचा येथें चांगला मेळ बसतो. मावळांतील गवंड्यांच्या बोलण्यांत संस्कृत शब्द नाहींत, पण क्रिया तीच. चुनखडी भट्टींत भाजून तिची कळी करावी, कळी पाण्यांत विरवावी, वाळू घालून घाणींत मळावी, आणि तो चुना मुरूं द्यावा. तिकोना किल्ल्यावर अशा घाणीचें दगडी चाक आजही पडलेलें आहे. किल्ला चढणारे त्याजवर हात टेंकून पुढें जातात. गिलाव्याचा चुना हवेंतील कर्बवायु शोषून घेऊन पुनः दगडच बनतो. म्हणून तो टिकतो. महाराष्ट्रांतील वाड्यांतून जीं चित्रें आहेत तीं बहुतेक अशा वाळलेल्या गिलाव्यावर सरस किंवा डिंक घातलेल्या रंगांनीं काढलेलीं आहेत. रंग गिलाव्याच्या पोटांत मुरलेला नसून पाठीवर बसलेला आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ओला फडका फिरविला तरी तो सुटतो. कोंकणांत व गोव्यांत कावीची रीत आहे, ती याहून वेगळी. तेथें ओल्या चुन्यावर तांबड्या कावेचा हात देऊन अणकुचीदार सळईनें तो खरवडतात, म्हणजे खालचा पांढरा चुना उघडा पडून नक्षी उठते. कावी उन्हापावसांत, देवळाच्या बाहेरील भिंतीवरही तग धरते. आमच्या देशावरील चित्रांस तो टिकाऊपणा नाहीं. त्यांचें आयुष्य सर्वस्वीं घरधन्याच्या मर्जीवर अवलंबून.

ही मर्जी कशी फिरते, याचें अत्यंत दुःखद उदाहरण मावळांतच आहे. कामशेतच्या पलीकडे बेडसें येथील लेणीं सर्वांस ठाऊक आहेत. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचें तेथील चैत्यगृह. लेणें या शब्दाचा दुसरा अर्थ अलंकार; आणि हें लेणें खरोखरच अलंकृत होतें. त्याच्या आंतील अष्टकोनी खांबांवर चित्रें होतीं, बुद्ध व त्याचे परिचारक यांच्या आकृति ओळखूं येत होत्या, असें जुन्या वर्णनांवरून कळतें. १८६१ च्या सुमारापर्यंत त्यांचे अवशेष दिसत. पुढें कोणी अधिकारी लेणें पाहावयास यावयाचे होते, म्हणून त्यांच्या संतोषार्थ लेण्याची साफसफाई व सुशोभन करण्यांत आलें, आणि त्यांत तीं चित्रें गेलीं. शत्रूच्या स्वारीनें नव्हे, धर्मद्वेषानें नव्हे, केवळ पाहुण्यांस जागा नीटनेटकी दिसावी या सद्हेतूनें तीं गेलीं. शेकडों पावसाळे सोसलेलें काम एका स्वागताच्या तयारींत संपलें. आपल्याकडे घरच्या भिंतींचा जो संहार होतो तो याच सद्हेतूनें होतो. म्हणून हें उदाहरण आम्हांस मोलाचें वाटतें.

पेशवाईंतील मोठ्या वाड्यांची कथा निराळी, पण फल तेंच. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला, व २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांत झाली. पुढें त्यांत गणेश रंगमहाल, आरसेमहाल, हस्तिदंती महाल अशीं दालनें झालीं. छतांवर व भिंतींवर रामायण-महाभारतांतील प्रसंग चितारले गेले. शिवराम कृष्ण, देवजी, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, भोजराज, राघो अशीं कारागिरांचीं नांवेंही आपणांस ठाऊक आहेत. १८२८ च्या आगींत आंतील सर्व इमारती जळाल्या. कारागिरांचीं नांवें राहिलीं आणि त्यांचें काम गेलें. सामान्यतः याच्या उलट घडतें. काम राहतें आणि करणाऱ्याचें नांव कोणास माहीत नसतें. शनिवारवाड्याच्या बाबतींत कागदानें भिंतीवर मात केली.

वाईजवळ मेणवली येथें नाना फडणीस यांचा वाडा आहे. मेणवली दफ्तर हें नांव आमच्या वाचकांपैकीं कोणास नवें नाहीं. त्यांतील कागदांचा दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं केलेला उपयोग, त्यांचा सातारचा संग्रह, आणि तो संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत येणें, हा सर्व वृत्तांत आपल्या अभ्यासाचा भाग झाला आहे. परंतु ज्या वाड्यांत तें दफ्तर होतें त्याच्या भिंतींवरही चित्रें आहेत. दफ्तराच्या एकेका रुमालाची याद आपण केली. भिंतींची याद किती जणांनीं केली? वाईच्याच एका वाड्यांत सांपडलेल्या कागदांवरून राजवाडे यांनीं १८९८ सालीं आपला पहिला खंड सिद्ध केला. तेव्हांपासून जुना वाडा म्हणजे कागदांची खाण ही दृष्टि आपणांस लाभली, आणि तिनें महाराष्ट्राचा इतिहास घडविला. तिच्याविषयीं आमच्या मनांत कृतज्ञताच आहे. पण खाणींतून धातु काढून घेतल्यावर उरलेल्या डोंगराकडे जसें कोणी पाहत नाहीं, तसें वाड्यांचें झालें. कागद बाहेर आला, की वाडा पडावयास मोकळा.

घरांतील भिंतीवर चित्र काढविण्याची चाल बंद कां पडली, याचा शोध घेऊं लागल्यास पुनः मावळांतच यावें लागतें. पुण्यास १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे स्नेही यांनीं चित्रशाळा काढली, आणि रामपंचायतनासारखीं शिळाछापाचीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला. तो पुढें १८९९ च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवली येथें आला. राजानें तो विकल्यावर श्लायखर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञानें चालविला. मळवलीहून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती हिंदुस्थानांतील किती देवघरांत पोहोंचली याची गणना कोण करणार? कार्लें व भाजें येथील लेण्यांच्या पायथ्याशींच हा छापखाना होता. ज्या डोंगरांत भिंतीच कोरून शोभिवंत केल्या, त्याच डोंगराच्या सावलींत भिंतीची शोभा चौकटींत घालून आगगाडीनें पाठविण्याचा उद्योग चालला! १९७२ च्या आगींत तो कारखाना भस्मसात् झाला, आणि आतां त्या छापील चित्रांसच पुराणवस्तूचा मान मिळूं लागला आहे.

छापील चित्र आलें आणि चितारी गेला, एवढाच याचा अर्थ नाहीं. खोलीची रचनाच पालटली. भिंतीवर काढलेलें चित्र जागेला बांधलेलें असे. देवळीच्या वर गणपति, दाराच्या दोहों बाजूंस भालदार-चोपदार किंवा हत्ती, कडीपाटाच्या खालीं वेलबुट्टीचा पट्टा, अशी त्याची सांगड वास्तूशीं असे. चौकटींतील चित्राला खिळा पुरे. भिंत रिकामी, एकरंगी व स्वच्छ असली म्हणजे चौकट अधिक उठून दिसते; म्हणून भिंतीवरचीं जुनीं चित्रें पुसणें हें आतां टापटिपीचें लक्षण झालें. सांजवात व समई यांच्या काजळीनें काळवंडलेला भिंतीवरचा गणपति, आणि शेजारीं कांचेंतील झळझळीत गजलक्ष्मी, अशी तुलना रोज डोळ्यांपुढें घडत असतां कोणता यजमान जुन्याचा पक्ष घेईल?

आम्हींही तो घेतला नाहीं. येथें स्वतःचा अपराध सांगणें प्राप्त आहे. आंबीच्या घरांत देवघराच्या देवळीवर गेरू व काजळ यांनीं काढलेला एक गणपति होता. हातभर उंचीचा, रेघ जाड, सोंड डावीकडे, पायाशीं उंदराऐवजीं कोणा मुलानें काढल्यासारखें मांजराएवढें एक जनावर. आमच्या आजीच्या सांगण्याप्रमाणें तो तिच्या सासऱ्यांच्या वेळचा. पुढें घरांत बहिणीचें लग्न निघालें. आम्ही तेव्हां नुकतेच शाळेंत संस्कृत शिकवूं लागलों होतों. पहिल्या पगारांतून घरास रंग देण्याची आमचीच हौस. हिरवा तैलरंग आम्हींच निवडला, आणि देवळीवरचा हात तर आम्हीं स्वतः फिरविला. आजी दारांत उभी होती. ती एवढेंच म्हणाली, "गणपति आहे रे तिथें." आम्हीं उत्तर दिलें, "आजी, नवा आणूं." नवा आणलाही, कांचेच्या चौकटींत.

चाळीस वर्षांनीं भिंत पडण्याची वेळ आली, तेव्हां आमची खटपट अशी, की वरचा रंग हळूहळू काढून खालचा गणपति निदान टिपून घ्यावा. जाणत्या माणसास विचारून, पातळ सुरीनें, नखाएवढा भाग एके वेळीं, अशा रीतीनें काम आरंभिलें. जेथें चित्रावर नुसता चुना होता तेथें तो पापुद्रा होऊन सुटला, आणि खालीं गेरूची एक कड, कानाचा वळसा, अगदीं ताजा दिसला. पण जेथें तैलरंग होता तेथें तो रबरासारखा सोलून निघे व आपल्या पाठीला चुना, काजळ आणि गेरू घेऊनच येई. भिंतीवर उरे ती माती. दुपारपर्यंत गणपतीचा एक कान, मुकुटाची टोंकें आणि तें मांजराएवढें जनावर, एवढें हातीं लागलें. तें कागदावर उतरवून घेतलें, छायाचित्र घेतलें, आणि संध्याकाळीं भिंत पाडणाऱ्यांच्या स्वाधीन केली.

या प्रसंगानें आमच्या लेखाचा मुख्य सिद्धांत आम्हांस शिकविला. चुना हा चित्राचा शत्रु असें आम्ही मानीत आलों होतों, तसें नाहीं. चुना झांकतो, पण बहुधा मारीत नाहीं. चुन्याच्या थरांखालून जुनीं चित्रें उघडीं झाल्याचीं उदाहरणें आहेत. त्याच्यांतून भिंतीस श्वास घेतां येतो, ओल ये-जा करते. तैलरंग व सिमेंटाचा गिलावा हे मात्र ओल आंत कोंडतात, आणि शेवटीं सुटतांना खालचें सर्व घेऊन सुटतात. खरवडणें हें तर थेट मरणच. तेव्हां ज्या अशिक्षित पूर्वजांनीं दर वर्षीं चुन्याचा हात दिला त्यांनीं नकळत चित्र जतन केलें, आणि सुशिक्षित अशा आम्हीं एका लग्नाच्या हौसेनें तें घालविलें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण अजूनही जुन्या घरांत जातात. त्यांस आमची विनंति अशी आहे. कागद पाहण्यास बसण्यापूर्वीं माजघर, देवघर व जिन्याखालची भिंत एकवार तिरप्या उजेडांत पाहावी. समोरच्या उजेडांत न दिसणारी रेघ बाजूनें धरलेल्या दिव्यानें दिसते. चित्र असल्यास त्याचें पूर्ण भिंतीसह छायाचित्र घ्यावें, नुसत्या आकृतीचें नव्हे. कारण तें कोणत्या दाराच्या किंवा देवळीच्या संबंधानें काढलें आहे हाच अर्धा अर्थ असतो. रेघा कागदावर उतरवून मापें लिहावीं. पाण्यानें पुसून 'स्वच्छ' करूं नये. सरसाचा रंग पाण्यास भितो. सुटून पडलेला पापुद्रा असेल तर तो घर, खोली, दिशा व जमिनीपासूनची उंची लिहून लखोट्यांत ठेवावा. रंग देणें अपरिहार्यच असेल तर घरधन्यास चुनाच देण्यास सांगावें. आणि घरांतील सर्वांत वृद्ध बाईस, भिंतीवर पूर्वीं काय होतें, हें अवश्य विचारावें. तिचें सांगणें कोणत्याही दफ्तरांत मिळणार नाहीं.

नकल करून ठेवण्याच्या कामीं मात्र एक सावधगिरी हवी. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला मेजर गिल यांनीं वर्षानुवर्षें खपून केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या स्फटिकगृहाच्या आगींत जळाल्या. ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून पुनः करविलेल्या नकलांपैकीं पुष्कळशा १८८५ च्या आगींत लंडनासच गेल्या. मूळ भिंत मात्र अजून उभी आहे. म्हणून एक नकल घरधन्याजवळ, एक संशोधनसंस्थेंत, अशा दोन ठिकाणीं ती असावी; आणि नकल झाली म्हणून मूळ पाडण्यास आपली संमति आहे, असा समज कोणाचाही होऊं देऊं नये.

आंबीच्या घराच्या जागीं आतां सिमेंटाची इमारत उभी राहत आहे. देवघराची जागा नकाशांत आहे. नातवंडांनीं विचारलें, तेव्हां आम्हीं इतकेंच सांगितलें, की देवळीवरची भिंत चुन्याचीच ठेवावी. त्यावर कोणी चितारी मिळाल्यास तो कान, ती मुकुटाची टोंकें व तें मांजराएवढें जनावर यांवरून बाकीचा गणपति पुरा करणें अशक्य नाहीं. पण स्वतःच्या हातानें तें करूं नये, हा विष्णुधर्मोत्तराचा नियम आम्हीं या वेळीं पाळावयाचें ठरविलें आहे. तो चौदा थरांचा पापुद्रा, वर सांगितल्याप्रमाणें टिपण लिहून, आमच्या पोथ्यांच्या कपाटांत ठेविला आहे. ज्या अभ्यासकांस पाहावयाचा असेल त्यांनीं अवश्य यावें. इत्यलम्.